वालेन्सिया: नदी हलवली, पाट राहिले

मंडळी, 'राहण्याजोगं शहर' म्हटलं की आपल्याला झाडं, रुंद फूटपाथ, वेळेवर येणारी बस आठवते. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वालेन्सियाबद्दल बोलताना आज आपण ताटापासून सुरुवात करू.

पाएला हे मुळात पदार्थाचं नावच नाही. वालेन्सियन भाषेत पाएला म्हणजे पसरट कढई. शेतावरची माणसं दुपारी ती लाकडाच्या जाळावर चढवायची. तिच्यात तांदूळ, कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा आणि गर्रोफो नावाचे मोठे पांढरे दाणे पडायचे. शहर समुद्रकाठचं, पण या जुन्या पाएलात मासळी नाही. कारण ती शेतात जन्मली, बंदरावर नव्हे.

शेत म्हटलं की पाणी आलंच. अरबी राजवटीत इथे भात रुजला आणि पाटांचं जाळं वाढलं. दक्षिणेला आल्बुफेरा सरोवराभोवती भाताची खाचरं आहेत. त्यांना मुख्यतः हूकार नदीचं पाणी मिळतं. शहराला लागून भाजीपाल्याचे मळे, त्यांना म्हणतात ऊएर्ता. ते तुरिया नदीच्या पाण्यावर पिकतात. त्या पाण्यावरून तंटा झाला, तर दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी जल-न्यायालय बसतं. आठ पाटांचे आठ पंच असतात, शेतकऱ्यांनीच निवडलेले. सगळं कामकाज तोंडी आणि निकालही तिथल्या तिथे. २००९ साली युनेस्कोने या परंपरेला वारशाच्या यादीत स्थान दिलं.

आता दुसरी बाजू बघू. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरियाला महापूर आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. फ्रँकोच्या सरकारने नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेली. त्यासाठी ऊएर्ताची जमीन गेली. कोरड्या पात्रात मोटाररस्ता करायचा बेत होता. सत्तरच्या दशकात नागरिकांनी तिथे हिरवळ मागितली, चळवळ केली. १९७६ साली पात्र शहराच्या ताब्यात आलं. आज तिथे सुमारे नऊ किलोमीटर लांबीची बाग आहे. वालेन्सियाच्या राहणीमानाचं कौतुक होतं, त्यात या बागेचा वाटा मोठा आहे.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं! पण २९ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा पूर आला. नव्या पात्रामुळे मुख्य शहर वाचलं. पात्रापलीकडची पायपोर्ता, कातारोखा ही गावं मात्र बुडाली. वालेन्सिया प्रांतात २२० हून अधिक बळी गेले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या गावांत शिरलेलं पाणी तुरियाचं नव्हतं, ते पोयो नावाच्या ओढ्याचं होतं. त्यामुळे नदी वळवल्याने गावं बुडाली, असं सरसकट म्हणता येत नाही. पण पुराच्या वाटेत गेल्या काही दशकांत घरं, गोदामं, रस्ते उभे राहिले, हेही खरं. आणि तो ओढा शेवटी मिळतो कुठे? आल्बुफेरात, म्हणजे पाएलाच्या भाताच्या दारात.

म्हणून शहर राहण्याजोगं आहे का, हे नुसत्या बागेवरून ठरवू नये. पात्रापलीकडची माणसं आणि ताटामागची शेतं, दोन्ही त्या हिशेबात धरावी लागतात. पंच दर गुरुवारी दाराशी बसत राहतील. पण त्यांच्यापुढे तंटा घेऊन यायला मळेवाला उरला पाहिजे ना?