अर्जातील पाच कलमे

हिंदुस्थानातील पहिली कामगार संघटना नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत काढली, हे वाक्य मे दिनाच्या सभेत हमखास ऐकू येते. ते कोणत्या कागदाच्या आधारावर उभे आहे, असे मात्र क्वचितच कोणी विचारतो. तेव्हा, श्रोतेहो, तो कागदच आज वाचू.

सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि त्या वेळच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवावयाचा एक अर्ज मंजूर झाला. त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या पाच: रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर जबर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार, तर कायमचा अधू झाल्यास पोटापाण्याची सोय.

मागण्यांची पत्रके लिहिण्यात माझी उमर गेली, म्हणून सांगतो, असा कागद उलटा वाचावयाचा असतो. जे मिळत आहे ते कोणी मागत नाही. चौथे कलम घ्या. पंधरा तारखेच्या आत पगार द्या, असे जेथे मागावे लागते, तेथे तो पंधरा तारखेलाही हाती पडत नसला पाहिजे. म्हणजे मार्चभर राबलेल्या माणसाने एप्रिलचा अर्धा महिना उधारीवर काढावयाचा आणि तरी वाट पाहावयाची. वाण्याचे नाव अर्जात नाही. पण तो त्या कलमाच्या मागेच उभा आहे! १९३६ च्या वेतन कायद्याने ही मर्यादा सात वा दहा तारखेवर आणली.

पहिल्या कलमाला बाहेरचाही पुरावा आहे. १८८१ च्या कायद्याने महिन्याला चार सुट्या दिल्या त्या फक्त मुलांना. मोठ्यांना त्यात काहीच नव्हते.

तिसरे कलम मात्र जपून वाचावे. त्यात सकाळी घड्याळ आहे, संध्याकाळी सूर्य. दिवस सुमारे बारा तासांचाच राहतो. आठ तासांची मागणी या अर्जात नाही. ज्यांना ती तेथे सापडते, त्यांनी कागद पुन्हा पाहावा.

आता सह्या. साडेपाच हजार सह्या म्हणजे साडेपाच हजार सभासद नव्हेत. १८९२ सालच्या सरकारी अहवालात असे नमूद आहे की, लोखंड्यांच्या संघटनेस ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम. येईल त्या कामगाराला ते सल्ला देतात, इतकेच. हे लिहिणारा आपला स्नेही नव्हता, हे खरे. पण तेवढ्यावरून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. ते खोडावयाचे तर पावतीपुस्तक दाखवावे लागेल, आणि ते कोणी दाखविलेले मला ठाऊक नाही. तेव्हा वर्गणी-पावतीची युनियन ती नव्हती, एवढे मान्य करावे.

पण त्या अधिकाऱ्याच्या तीन नकारांत न मावणारी एक गोष्ट उरते. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रिया त्या सभेत बोलल्या, आणि जूनमध्ये गिरणीमालकांच्या मंडळाने रविवारची सुटी मान्य केली. नियमांची वही नसताना दहा हजार माणसे एका मागणीसाठी एकत्र येतात, याला काय नाव द्यावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे. मी तरी त्याला संघटनाच म्हणेन. फक्त पहिल्या वाक्यातला ‘काढली’ हा शब्द मला खटकतो.

पाचव्या कलमाला १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापर्यंत थांबावे लागले. लोखंडे १८९७ सालीच प्लेगच्या साथीत गेले होते.