उन्हावर फिरणारी चिमुकली मोटर



गणपतीच्या आराशीत मोराची मान हलवायची असते, किंवा मुलांना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात उन्हावर पळणारी गाडी न्यायची असते. मग आपण काय करतो? जमेल तेवढं मोठं सोलर पॅनेल मागवतो आणि मोटर मात्र जुन्या खेळण्यातून निघेल ती लावतो. अंगणात सगळं छान चालतं. प्रदर्शनाच्या दिवशी ढग येतो, मोर मान टाकतो आणि घरातलं लहान माणूस रडकुंडीला येतं. मोटर आधी निवडायची आणि पॅनेल नंतर, ही साधी गोष्ट आहे. पण ती कशी उमगत गेली याचा इतिहास रंजक आहे, आणि त्याचे दोन धागे अगदी आपले आहेत. एक मुंबईचा, दुसरा इथला, शिकागो परिसरातला.

आधी मुंबई. साल १८७८. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबईत उपनिबंधक होता. नोकरी कागदपत्रांची, पण डोक्यात ऊन. फ्रान्समध्ये ऑग्युस्तीन मूशो यांनी परातीसारख्या मोठ्या आरशाने उन्हावर वाफेचं यंत्र चालवल्याचं त्याने वाचलं होतं. अ‍ॅडम्सला वाटलं, एवढी मोठी परात घडवायला महाग, सूर्यामागे फिरवायला अवजड, आणि तिचा पत्रा काळवंडणार. त्याऐवजी त्याने १७ इंच बाय १० इंचांचे साधे सपाट आरसे घेतले. एकेक वाढवत आणि तापमान मोजत तो ७२ आरशांपर्यंत पोहोचला. सगळ्यांचा उजेड एका बॉयलरवर पाडला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन आपल्या बंगल्याच्या आवारात पंधरवडाभर चालवलं. त्या वर्षी त्याचं पुस्तकही मुंबईत निघालं. उष्ण देशांत इंधनाला पर्याय म्हणून ऊन कसं वापरावं, हा त्याचा विषय. जानेवारीत सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजवणारी सूर्यचूल हीसुद्धा त्याचीच.

आपल्या विषयाशी संबंध आहे तो आरशांच्या चौकटीचा. ती चौकट अर्धगोल रुळावरून सरकवायची होती, कारण सूर्य थांबत नाही. सरकवणार कोण? अ‍ॅडम्सचं उत्तर सोपं होतं: मजूर. दिवसातून तीन-चार वेळा त्याने ढकललं की पुरे. आज त्या मजुराच्या जागी आपण अ‍ॅक्चुएटर बसवतो, म्हणजे मोटरने आत-बाहेर होणारा दांडा. त्या मजुराचं नाव मात्र कुठे नोंदलेलं माझ्या वाचनात नाही, आणि सौरऊर्जेच्या इतिहासात मुंबईचं नावही फारसं घेतलं जात नाही. मला दोन्ही गोष्टी सारख्याच खटकतात.

यानंतर एकदम १९५४ च्या एप्रिलमध्ये येऊ. तोवर उन्हावर यंत्र चालवायचं म्हणजे आधी वाफ करायची, हाच मोठा मार्ग होता. न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सौरघट केला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांची थेट वीज. आता ही गोष्ट पत्रकारांना पटवायची कशी? तारेतली वीज दिसत नाही. म्हणून त्यांनी खेळण्यातला छोटासा आकाशपाळणा उन्हावर फिरवून दाखवला. सोबत एक रेडिओ प्रक्षेपकही चालवला. रेडिओचा मान राखल्याबद्दल आपण त्यांचे आभारी आहोत! पण लक्षात घ्या, आधुनिक सौरघटाने जगासमोर केलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे खेळण्यातली मोटर फिरवणं.

पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९५५ रोजी, आपल्या शिकागोत जनरल मोटर्सचं 'पॉवरामा' प्रदर्शन भरलं होतं. तिथे विल्यम कॉब यांनी 'सनमोबिल' नावाची गाडी दाखवली. गाडी म्हणजे १५ इंचांची, टेबलावर मावेल एवढी. वर सेलेनियमचे १२ घट, आत एक चिमुकली मोटर, आणि तिची गती कप्पीवरून मागच्या चाकांना. सेलेनियमचे घट उन्हापैकी एक टक्काही वीज देत नसत, आणि सिलिकॉनचे तेव्हा परवडण्यापलीकडे महाग होते. तरी गाडी चालली, कारण ती हलकी होती आणि मोटर अल्पसंतुष्ट.

'अल्पसंतुष्ट' हा शब्द जपून ठेवा. बॅटरीला जास्त वीज मागितली तर ती बराच वेळ देत राहते. पॅनेल तसं नाही. ऊन जेवढं, तेवढाच प्रवाह, वर एक कणही नाही. आणि मोटर सगळ्यात जास्त प्रवाह मागते ती थांबलेली असताना, सुरू होण्याच्या क्षणी. स्वस्त खेळण्यातल्या मोटरची ती मागणी पुरवता पुरवता पॅनेलचा दाब कोसळतो आणि मोटर जागीच गुरगुरते. जुन्या सीडी प्लेअरमधली मोटर अशा वेळी कितीतरी बरी. ती अगदी थोड्या प्रवाहावर उठते. आपल्याकडच्या गराज सेलमध्ये असे प्लेअर अजून मिळतात. मान हलवायची असेल तर तिला गिअरची जोड द्या, वेग कमी होतो आणि जोर वाढतो.

दुसरी युक्ती शॉमबर्गच्या आठवणींशी जोडलेली आहे. मोटोरोला हे नाव मुळात १९३० सालच्या, मोटारीत बसवायच्या रेडिओचं. कंपनीचं मुख्यालय १९७६ पासून इथे होतं, आणि पेजर म्हटलं की मोटोरोला हे समीकरण होतं. कमरेचा पेजर थरथरायचा तो आतल्या तांदळाच्या दाण्याहून जरा मोठ्या मोटरमुळे. तिच्या आसावर एका बाजूला जड वजन असे. पेजर मागे पडले तेव्हा या मोटरी हौशी लोकांच्या हाती लागल्या. मार्क टिल्डन यांनी 'बीम' नावाने लोकप्रिय केलेल्या यंत्रकिड्यांना त्या फार मानवल्या. इथे पॅनेल मोटरला थेट जोडत नाहीत. वीज आधी कपॅसिटरमध्ये थेंबथेंब साठते, भांडं भरलं की एकदम सुटते आणि मोटर क्षणभर फिरते. मग पुन्हा साठवण. ढगाळ दिवशी किडा थांबत नाही, फक्त दोन पावलांमधला वेळ वाढतो. मोराने मिनिटातून एकदा मान हलवली तर काय बिघडलं? उलट तो जास्त खरा वाटतो.

नेमक्या कोनात हालचाल हवी म्हणून सर्व्हो घ्यायचा मोह होईल. तो झटक्याने प्रवाह खेचतो, तेव्हा मध्ये बॅटरी हवीच. स्टेपर मोटर तर नुसती जागा धरून ठेवायलाही वीज खात राहते. स्क्रूवर सरकणारा दांड्याचा अ‍ॅक्चुएटर मात्र वीज बंद केली तरी बहुधा आहे तिथेच राहतो. पॅनेल सूर्यामागे वळवायला तोच योग्य. पण वहीएवढ्या पॅनेलसाठी तो बसवण्यात अर्थ नाही, मिळवलेलं तोच खाऊन टाकेल. तिथे अ‍ॅडम्सचीच पद्धत बरी: दिवसातून तीन वेळा हाताने वळवा. मुलांना ते काम आवडतं.

आणि पुण्याचा अंदाज इथे लावू नका. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजावर सुमारे ४८ अंश असतो, शॉमबर्गला जेमतेम २४. इथे हिवाळ्यात पॅनेल आडवं ठेवलं तर अर्ध्याहून जास्त ऊन वाया जाईल. ते चांगलं उभं करा, दक्षिणेकडे तोंड करून. खिडकीच्या दुहेरी काचेआड ठेवणार असाल तर मोटर निवडतानाची चाचणीही त्या काचेआडच घ्या, आणि तीसुद्धा एखाद्या ढगाळ दिवशी.