सभासद की वर्गणीदार? : किरकोळ व्यापारातील सशुल्क सदस्यत्वाचा तुलनात्मक इतिहास

प्रस्तावना

पुसदसारख्या तालुक्याच्या गावी आज ऑनलाइन मागविलेली वस्तू दारात येऊन पडते. ती लवकर व विनाशुल्क पोहोचावी म्हणून अनेक कुटुंबे विक्रेत्या कंपनीकडे वर्षाची रक्कम आगाऊ भरतात. या व्यवहारास 'मेंबरशिप' म्हटले जाते. परंतु दुकानाचा 'सभासद' ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. सहकारी ग्राहक भांडारांनी ती फार पूर्वीच रुजविली होती. दुकानास आगाऊ पैसे देणाऱ्या ग्राहकाला त्या मोबदल्यात नेमके काय मिळते, या प्रश्नाच्या आधारे दोन्ही परंपरांची तुलना करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

भागधारक सभासद

या परंपरेचा उगम सामान्यतः इंग्लंडमधील रॉचडेल येथे मानला जातो. तेथील २८ सभासदांनी प्रत्येकी एक पौंड जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी स्वतःचे दुकान उघडले. नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात आणि प्रत्येकास एकच मत, ही त्यांची सूत्रे पुढे जगभर स्वीकारली गेली. भारतात १९०४ चा कायदा पतसंस्थांपुरता मर्यादित होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांचा मार्ग मोकळा झाला. मुंबईच्या नायगाव या कामगार वस्तीत १९४८ मध्ये सुरू झालेला 'अपना बाजार' हे या परंपरेचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर भाववाढ रोखण्यासाठी केंद्र सरकारने ग्राहक भांडारांची देशव्यापी योजना हाती घेतली आणि या चळवळीस शासकीय पाठबळ लाभले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाचे भाग कितीही असोत, त्यास मत एकच असते. लाभांशावरही सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे. याचा अर्थ, सभासदाने भरलेली रक्कम हे शुल्क नसून भांडवल होते आणि त्यासोबत वार्षिक सभेत हिशेब विचारण्याचा अधिकार येत होता.

पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. याच काळाच्या उत्तरार्धात, १९७२ च्या दुष्काळाने व महागाईने ग्राहकांचा प्रश्न रस्त्यावर आला. त्या पार्श्वभूमीवर बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. मुंबईच्या पंचायतीने दुकानच वगळले. शेजारच्या कुटुंबांचा संघ महिन्याची मागणी आगाऊ नोंदवितो, माल एका घरी उतरतो आणि सदस्य तो आपापसांत वाटून घेतात. येथे पैशाबरोबर श्रमही सदस्यत्वाचा भाग ठरले.

वर्गणीदार सदस्य

दुसरी परंपरा अमेरिकेतील आहे. सोल प्राइस यांनी १९७६ मध्ये सॅन डिएगो येथे 'प्राइस क्लब' हे वार्षिक वर्गणीवर चालणारे गोदामवजा दुकान काढले. १९८३ मध्ये 'कॉस्टको' आणि वॉलमार्टचे 'सॅम्स क्लब' हे प्रतिस्पर्धी उभे राहिले. १९९३ मध्ये प्राइस क्लब व कॉस्टको यांचे विलीनीकरण झाले. मालावरील नफा अत्यल्प ठेवावयाचा आणि नफ्याचा मोठा भाग वर्गणीतून उभा करावयाचा, हे या दुकानांचे गणित आहे. ग्राहकास स्वस्ताई मिळते, हे नाकारता येत नाही. मात्र मताधिकार मिळत नाही.

अमेझॉनने 'प्राइम' ही योजना अमेरिकेत २००५ मध्ये व भारतात जुलै २०१६ मध्ये आणली. भारतात प्रारंभीची सवलतीची वार्षिक वर्गणी ४९९ रुपये होती. ती पुढे ९९९ रुपये आणि डिसेंबर २०२१ पासून १,४९९ रुपये झाली. प्रतिस्पर्धी फ्लिपकार्टने ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्लस' योजना सुरू केली, तेव्हा वर्गणी न घेता खरेदीतून मिळणाऱ्या नाण्यांवर सदस्यत्व दिले. त्याच वर्षी फ्लिपकार्टची बहुसंख्य मालकी वॉलमार्टकडे गेली. पुढे २०२३ मध्ये 'व्हीआयपी' हे सशुल्क सदस्यत्वही आले. एकाने आगाऊ रक्कम घेऊन आणि दुसऱ्याने प्रथम बक्षीस देऊन, परंतु दोघांनीही ग्राहकास आपल्याच दुकानाशी बांधून ठेवण्याचा हेतू साधला. वर्गणी भरलेला मनुष्य ती 'वसूल' करण्यासाठी तेथेच खरेदी करतो, हे मानवी स्वभावाचे गमक दोघांनीही ओळखले.

तुलना

दोन्ही परंपरांतील मूलभूत भेद अटी बदलण्याच्या अधिकारात आहे. जून २०२५ पासून प्राइमच्या चित्रपट-मालिकांत जाहिराती दाखविण्यास सुरुवात झाली व त्या टाळण्यासाठी वेगळी रक्कम आकारण्यात आली. वर्षाचे पैसे आधीच भरलेल्या सदस्यांपुढे स्वीकार किंवा त्याग एवढेच पर्याय उरले. सहकारी भांडारात असा बदल सभेपुढे आणता आला असता, किमान त्याचा जाब विचारता आला असता.

तथापि सहकारी परंपरेचे गौरवीकरणही इतिहासास धरून होणार नाही. अनेक भांडारे साखर, कापड यांसारख्या नियंत्रित मालावर विसंबून राहिली. नियंत्रणे शिथिल होताच त्यांचा आधार गेला. भांडवल तुटपुंजे राहिले, सभांची उपस्थिती रोडावली. दिल्लीचे १९६६ मध्ये सुरू झालेले 'सुपर बझार' २००२ मध्ये बंद पडले. सभासदाने अधिकार वापरलाच नाही, तर तो कागदावरच राहतो आणि संस्था मूठभरांच्या हाती जाते, हा या अपयशाचा धडा आहे.

निष्कर्ष

वर्गणीच्या योजनेने ग्राहकास सोय दिली, पण आवाज दिला नाही. सहकाराने आवाज दिला, पण सोय टिकविता आली नाही. म्हणून स्पर्धक कंपन्यांच्या योजनांची तुलना केवळ वर्गणी व सवलत यांच्या वजाबाकीने पूर्ण होत नाही. अटी कोण ठरवितो, त्या मुदतीच्या मध्येच बदलता येतात काय, आणि सदस्यास हिशेब मागता येतो काय, हे तीन प्रश्नही विचारावे लागतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने ऑनलाइन खरेदीदारास 'ग्राहक' म्हणून संरक्षण दिले आहे, परंतु सदस्य म्हणून त्यास निर्णयात वाटा दिलेला नाही. दारात येणाऱ्या पुडक्याची किंमत मोजताना पुसदच्या सुशिक्षित ग्राहकाने आपण त्या दुकानाचे सभासद आहोत की केवळ वर्गणीदार, याचाही विचार करणे अगत्याचे ठरते.