चकाकी आणि टिकाऊपणा : लाकडी पेनावरच्या लाखेचा इतिहास

माझ्या टेबलावर हाताने कातलेले शिसवी लाकडाचे एक पेन आहे. घेतले तेव्हा ते आरशासारखे चकाकत होते. दोन वर्षांच्या लेखनानंतर मागच्या टोकाची चकाकी तशीच आहे. अंगठा आणि तर्जनी जेथे टेकतात तेथे मात्र लाकूड निस्तेज झाले आहे. त्यावरचा लेप लाखेचा होता. ज्या राळेने शतकानुशतके लाकडाला झळाळी दिली, ती एका पेनावर दोन वर्षेही का टिकू नये?

प्रथम चकाकी म्हणजे काय ते पाहू. लाखेचा अपवर्तनांक सुमारे १.५२ आहे. त्यामुळे लंबरूप पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के प्रकाश तिच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो. फिकट रंगाच्या उघड्या लाकडावरून याहून कितीतरी अधिक प्रकाश परततो, परंतु तो दाही दिशांना विखुरतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते आणि लाकडातील वाहिन्यांची तोंडे तिच्या कित्येक पट रुंद असतात. हे खळगे राळेने भरून पृष्ठ सपाट केले की तो थोडासा प्रकाश एकाच दिशेने परततो आणि डोळ्यांना चकाकी दिसते. म्हणजेच चकाकी हा पृष्ठाच्या आकाराचा गुण आहे. ती किती काळ टिकेल, हे मात्र लेपातील रेणू ठरवतात.

भारतीय कारागिरांनी यातील पहिली बाब फार पूर्वीच साधली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये चिकांना द्यायच्या रोगणाचे प्रमाण नोंदलेले आहे : तांबड्या रंगासाठी चार शेर लाखेस एक शेर हिंगूळ. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे आजही काळ्या कुड्याचे लाकूड लेथवर फिरवून त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडावर पसरते. मग केवड्याच्या वर्गातील वनस्पतीच्या पानाने घासून तिला झळाळी आणतात. आपल्याकडील सावंतवाडीचे लाखकामही प्रसिद्ध आहे. चन्नपट्टणच्या पद्धतीत द्रावक लागत नाही, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. लाख ६५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ होऊन वितळते, म्हणूनच हे शक्य होते.

पाटण्याचे जेम्स कर यांनी लाखेच्या किड्याचे वर्णन रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७८१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी लाखेतील तांबड्या रंगालाही युरोपात मोठी मागणी होती. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी ॲनिलिनपासून कृत्रिम रंग बनवला आणि पुढे अशा रंगांनी लाखेच्या रंगाचा बाजार बसवला. राळ मात्र टिकून राहिली. अल्कोहोलमध्ये विरघळवलेली लाख बोळ्याने थरावर थर चोळण्याची ‘फ्रेंच पॉलिश’ पद्धत एकोणिसाव्या शतकात युरोपीय फर्निचरवर रुजली. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्या मिश्रणापासून बनू लागल्या. या पार्श्वभूमीवर १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था स्थापन झाली. आज ती ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सेकंडरी ॲग्रिकल्चर’ या नावाने ओळखली जाते. २०२४ मध्ये तिने शंभर वर्षे पूर्ण केली.

आता पेनाकडे परत येऊ. लाखेचे रेणू तुलनेने लहान असतात आणि परस्परांशी रासायनिक बंधांनी घट्ट बांधलेले नसतात. म्हणून ती उष्णतेने मऊ होते आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. ज्या गुणामुळे ती लेथवर सहज पसरते, तोच गुण पेनावर तिला दुबळी करतो. हाताची ऊब, घामाचा ओलावा, बोटांचे घर्षण आणि अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर या साऱ्यांशी तिची रोज गाठ पडते.

अन्यत्र या प्रश्नाची निराळी उत्तरे शोधली गेली. जपानच्या नामिकी कंपनीने, म्हणजे आजच्या पायलटने, १९२० च्या दशकात एबोनाइटच्या पेनांची चमक टिकावी म्हणून उरुशीचा लेप दिला. इंग्रजी ‘लॅकर’ या शब्दाचे मूळ लाखेत असले, तरी उरुशी हा एका वृक्षाचा चीक आहे. दमट हवेत लॅकेस नावाच्या विकराच्या साहाय्याने त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. असा घट्ट झालेला लेप पुन्हा वितळत नाही.

दुसरे उत्तर अपघाताने मिळाले. १९४२ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांना बंदुकीच्या दर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना सायनोॲक्रिलेट गवसले. ते सगळ्यालाच चिकटते म्हणून बाजूला ठेवले गेले. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर अशाच एका संयुगाचा अपवर्तनांक मोजत असताना उपकरणाचे दोन लोलक एकमेकांना चिकटून बसले. १९५८ मध्ये हा गोंद बाजारात आला. आज जगभरचे पेन कातणारे त्याचेच पातळ थर फिरत्या लाकडावर देतात. पृष्ठावरील किंचित ओलाव्यानेही त्याच्या लांब साखळ्या बनू लागतात. हा लेप हाताच्या उबेने मऊ होत नाही, अल्कोहोलने विरघळत नाही. ॲसिटोन मात्र त्याला विरघळवतो.

मग लाख हरली असे म्हणावे का? सायनोॲक्रिलेटची वाफ डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबते, आणि त्याच्या लेपाचा टवका उडाला तर बहुधा घासून काढून नव्याने सुरुवात करावी लागते. लाखेचा नवा थर जुन्यात विरघळून एकरूप होतो. शिवाय पळस, बोर आणि कुसुम ही झाडे उभी ठेवून लाख काढता येते. झारखंड आणि छत्तीसगडमधील अनेक आदिवासी कुटुंबांच्या उत्पन्नाचा तो भाग आहे. लाख दीर्घकाळ तापवली की तिचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन ती न वितळणारी व न विरघळणारी होते, हेही ज्ञात आहे. हेच जोडकाम लाकूड न करपता, लेथवर काही मिनिटांत घडवता आले तर लाखेला पेनावर पुन्हा मानाचे स्थान मिळेल. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा असा हा प्रश्न आहे.

तोवर माझ्या पेनावर मी लाखेच्या द्रावणाचे दोन थेंब चोळले आहेत. झिजलेली जागा पुन्हा चकाकते आहे. ती पुन्हा झिजेल हे मला ठाऊक आहे, आणि ती दुरुस्त करता येईल हेही.