प्रफुल्ल पटेल आणि भारतीय फुटबॉल लीगचा बदललेला साचा

प्रफुल्ल मनोहरभाई पटेल यांनी २००८ ते २०२२ अशी जवळजवळ चौदा वर्षे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सूत्रे सांभाळली. या काळात देशातील अव्वल फुटबॉल लीगचा साचाच बदलला. आधी महासंघ स्वतः स्पर्धा भरवी आणि क्लब तिच्यात उतरत. पुढे व्यावसायिक कंपनी स्पर्धा चालवू लागली आणि संघ गुंतवणूकदारांचे झाले.

पटेल यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९५७ चा. वडील मनोहरभाई हे गोंदियातील विडी उद्योजक आणि आमदार. प्रफुल्ल यांचे शिक्षण मुंबईच्या कॅम्पियन शाळेत आणि सिडनहॅम महाविद्यालयात झाले. १९८५ मध्ये ते गोंदियाचे नगराध्यक्ष झाले, १९९१ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर गेले आणि २००४ मध्ये केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री झाले. विदर्भात फुटबॉल नवा नव्हता. लष्करी छावणीच्या कामठीत आणि नागपुरात क्लब फुटबॉलची जुनी परंपरा आहे. कामठीचा रब्बानी क्लब त्यातलाच. पटेल मात्र मैदानातून नव्हे, राजकारणातून या खेळाच्या कारभारात आले.

त्यांच्याआधी महासंघावर प्रियरंजन दासमुन्शी यांची वीस वर्षांची छाप होती. त्यांच्या कारकिर्दीत १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि २००७-०८ च्या हंगामापासून तिची जागा आय-लीगने घेतली. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये दासमुन्शी गंभीर आजारी पडले. उपाध्यक्ष असलेल्या पटेलांकडे कार्यभार आला आणि २००९ मध्ये ते रीतसर अध्यक्ष झाले.

आय-लीगला प्रेक्षक आणि प्रायोजक दोन्ही कमी पडत होते. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडसारखा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता क्लबही कंपनीने गुंडाळला. ९ डिसेंबर २०१० रोजी महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सुमारे ७०० कोटी रुपयांचा करार करून व्यावसायिक हक्क कंपनीकडे दिले. त्यातून ऑक्टोबर २०१४ मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग उभी राहिली. सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली, रणबीर कपूर अशी नावे संघांच्या मालकीत दिसू लागली. दूरचित्रवाणीवर खेळ चकचकीत झाला, पैसाही आला.

त्यामुळे जुन्या क्लबांची मात्र पंचाईत झाली. नव्या लीगमध्ये बढती आणि घसरण नव्हती. मिझोरमच्या आयझॉल एफसीने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली, तरी वरच्या पैसेवाल्या स्पर्धेचे दार त्याला उघडले नाही. २०१९-२० पासून सुपर लीग हीच अव्वल लीग ठरली. आय-लीग विजेत्याला बढती मिळण्याची सोय २०२२-२३ च्या हंगामापासून झाली.

ऑक्टोबर २०१७ मधील सतरा वर्षांखालील विश्वचषक ही पटेलांच्या कारकिर्दीतील मोठी जमेची बाजू. नवी मुंबईसह सहा ठिकाणी झालेल्या या स्पर्धेला १३,४७,१३३ प्रेक्षक लाभले. या वयोगटाच्या स्पर्धेतला तो विक्रम होता. भारत तिन्ही सामने हरला, पण कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला. वरिष्ठ संघ मार्च २०१५ मध्ये जागतिक क्रमवारीत १७३ वा होता. जुलै २०१७ मध्ये तो ९६ व्या स्थानावर पोहोचला. एप्रिल २०१९ मध्ये पटेल फिफाच्या कार्यकारी परिषदेवर निवडून आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

न्यायालयीन वाद तोवर सुरू झाला होता. राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षे पदावर राहता येत असे, शिवाय निवडणूकही संहितेप्रमाणे व्हावी लागे. २०१६ च्या डिसेंबरात झालेली पटेलांची फेरनिवड दिल्ली उच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि महासंघाची नवी घटना लिहिण्याचे काम माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी व माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांच्याकडे सोपवले. घटना रखडली, डिसेंबर २०२० मध्ये मुदत संपूनही निवडणूक झाली नाही आणि पटेल पदावर राहिले. अखेर १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दूर करून तिघा प्रशासकांची समिती नेमली. बाहेरचा हस्तक्षेप फिफाला मान्य नसतो. तिने ऑगस्टमध्ये महासंघाला निलंबित केले. समिती बरखास्त झाल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठले आणि २ सप्टेंबरला कल्याण चौबे अध्यक्ष झाले.

२०१० च्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होती. नूतनीकरणाबाबत निर्णय न झाल्याने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये संयोजक कंपनीने पुढचा हंगाम स्थगित केला. रखडलेल्या घटनेला सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०२५ रोजी मान्यता दिली.