बालकांचे तंत्रिकार्बुद आणि दोन प्रथिने

भारतातील कर्करोग-संशोधनाच्या इतिहासात डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे स्थान अग्रभागी आहे. आडनावातील ‘कर’ हा प्रत्यय मूळ ग्राम सुचवितो; खानोली हे गाव वेंगुर्ले तालुक्यात, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाल्यावर तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांनी वाहिली. पेटते टोक तोंडात धरून ओढावयाचा चुट्टा, चुना लावून ओठाआड ठेवलेली तंबाखू आणि कमरेला घट्ट कसलेले धोतर यांपासून उद्भवणारे कर्करोग त्यांनी १९४५ साली सहकाऱ्यासह वर्णिले. रोगाचे मूळ लोकांच्या राहणीत शोधण्याची ही दृष्टी फलदायी ठरली. परंतु दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात वाढलेल्या गाठीपुढे ती निरुपयोगी होते. त्या वयाला सवयी कोठल्या?

अशी गाठ विर्खो याने १८६४ साली नोंदविली होती. १९१० साली जेम्स होमर राइट याने ती अपरिपक्व तंत्रिका-पेशींपासून उद्भवते हे ओळखून तिला ‘न्यूरोब्लास्टोमा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘ब्लास्टोस’ म्हणजे अंकुर. गर्भावस्थेतील पेशी अंकुरदशेतच राहून वाढत जाते, हा आशय त्या नावात नेमका उतरला आहे. मराठीत ‘मज्जार्बुद’ असा पर्याय सुचेल, पण तो टाळलेला बरा. आयुर्वेदात मज्जा म्हणजे अस्थींतील मगज, आणि हा रोग पुष्कळदा तेथेही पसरत असल्याने अर्थाचा घोटाळा दुहेरी होतो.

१९८३ साली या अर्बुदात एक जनुक सापडले. कोंबड्यांच्या रोगावरून नाव पडलेल्या ‘मिक’ जनुकाशी त्याचे साम्य होते, म्हणून त्यास ‘एन-मिक’ म्हटले. ‘एन’ हे आद्याक्षर या रोगाचेच. सुमारे एक पंचमांश रुग्णांत त्याच्या प्रती अनेक पटींनी वाढलेल्या असतात, आणि अशा रुग्णांत रोग उग्र होतो, हे १९८४–८५ मध्ये स्पष्ट झाले. औषधाचे लक्ष्य म्हणून त्या जनुकाचे प्रथिन उघडच समोर होते. पण त्याला ठरीव घडण नाही. औषधाचा रेणू जेथे बसावा अशी खोबणच त्यात नाही.

तेव्हा संशोधक आडवाटेने गेले. हे प्रथिन ज्या अनेक जनुकांना चेतविते, त्यांपैकी एकापासून ‘ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेज’ हे विकर बनते, आणि पेशींच्या वाढीस लागणारी पॉलिअमाइने त्याच्या द्वारे तयार होतात. या विकराला कायमचे निकामी करणारे एफ्लॉर्निथिन विसाव्या शतकाच्या सातव्या दशकानंतर कर्करोगासाठी तयार झाले, पण त्या काळी तेथे अपयशी ठरले. पुढे आफ्रिकेतील निद्रारोगावर ते गुणकारी ठरून १९९० साली अमेरिकेत मान्य झाले. नफा नसल्याने त्याचे उत्पादन बंद पडले. मात्र चेहऱ्यावरील लव कमी करणाऱ्या मलमात ते २००० साली पुन्हा अवतरले! औषधांच्या इतिहासात याहून बोचक प्रसंग थोडेच असतील.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी, आधीच्या उपचारांस प्रतिसाद दिलेल्या अतिजोखमीच्या बालरुग्णांत रोग उलटू नये म्हणून, त्यास संमती दिली. परंतु तुलना चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांची नव्हती, पूर्वीच्या अन्य अभ्यासातील रुग्णांशी होती. त्यामुळे दिसलेल्या लाभातील औषधाचा वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले.