आजोबांचा आखूड स्वेटर

गेल्या हिवाळ्यात आई आजोबांचा स्वेटर उसवायला बसली. "कुणालाच होत नाही, निदान लोकर तरी कामाला येईल." आजीने १९६०च्या दशकात विणलेला, बाटलीहिरवा. मी एकदा घालून पाहिला होता. छातीत बरोबर, पण हात वर केला की पोट उघडं. आटला असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

म्हटलं, थांब, आधी मोजू. लांबी ५३ सेंटिमीटर. माझा दुकानातला स्वेटर ६८. पण आटलेला स्वेटर छातीतही घट्ट झाला असता. हा नव्हता. उत्तर जुन्या फोटोत सापडलं: आजोबांची पँट थेट बेंबीवर. स्वेटर आखूड नव्हताच, माझी जीन्स खाली होती.

यामागे इतिहास आहे. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये सूटच्या आत वेस्टकोट असायचा. गॅलिसने वर ओढून धरलेल्या पँटची कंबर झाकणं हे त्याचं एक काम. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड, सेंट अँड्रूजच्या गोल्फ मैदानावर फेअर आयल स्वेटर घालून उतरला आणि तशा स्वेटरची लाटच आली. वेस्टकोटच्या जागी स्वेटर आला, तोही तेवढाच आखूड. खालची रिबची बॉर्डर कंबरेला धरून बसायची. तो इन करायची गरजच नव्हती.

१९६०च्या दशकात हिपस्टर पँट आल्या आणि कंबर खाली सरकली. उघडी पडलेली जागा झाकायची तर स्वेटर लांब हवा. आता माझा हिशेब बघा. उंची १६८, बेंबी जमिनीपासून साधारण १०० सेंटिमीटरवर. दुकानातला स्वेटर संपतो ७५वर. बघणाऱ्याला पाय तिथूनच सुरू झालेले दिसतात. म्हणजे २५ सेंटिमीटर पाय लोकरीखाली गायब! ग्रुप फोटोत मी इतका बुटका का दिसतो, हे कॉलेजपासून पडलेलं कोडं तिथे सुटलं.

म्हणून हल्ली स्वेटर इन करतात: हरवलेली कंबर परत दाखवायला. पण त्यासाठी विण पातळ हवी, नाहीतर पोटावर वळकटी दिसते. आणि पँटचं आसन उंच हवं. खाली बसणाऱ्या जीन्समध्ये इन केलं तर कंबरेची रेघ खालीच राहते, धड मात्र आणखी लांब दिसतं. रेने लाकोस्तने १९२६ साली टेनिससाठी घातलेला पोलोही विणलेल्याच कापडाचा. इन केलेला बाहेर येऊ नये म्हणून पुढे अशा पोलोंना मागे लांब शेपूट ठेवू लागले. इन करायचा कपडा लांब, बाहेर ठेवायचा आखूड. आजीला हे न सांगता ठाऊक होतं.

मी टेलरकडे जाऊन उंच आसनाची पँट शिवून घेतली. स्वेटर बाहेरच ठेवला, बॉर्डर बरोबर कंबरेवर बसली. आईने बघितलं, सुया परत डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, "बाहीचा एक टाका सुटलाय. काढ, घालून देते."